मधली बल्ली

यशवंत गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला. सावनेरला एका शाळेच्या बांधकामावर गेला होता, परतीच्या एसटीतच छातीत कळ आली आणि... संपलं. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. मी फोन ठेवला, घरी आलो आणि निवडायला घेतलेली तुरीची डाळ निवडत बसलो. रडायलाही अंगात जोर लागतो. महिना-दीड महिना झाला, अजून तो जोर काही आलेला नाही.

आम्ही दोघं सक्करदऱ्याच्या एकाच गल्लीत वाढलो. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षांत वस्तीत सारख्या सभा व्हायच्या. बाया आपापली लुगडी गाठी मारून जोडायच्या, चार बांबूंना ताणायच्या. मध्ये झोळ पडला की खालून लाकडाची एक बल्ली उभी करायची, झाला मांडव. त्या रंगीबेरंगी छताखाली यशवंत उताणा पडून वर बघत राहायचा. भाषण कोण करतंय, कशावर करतंय, याच्याशी त्याला घेणंदेणं नसे. पुढे तो शिकला, वस्तीतला पहिला आर्किटेक्ट झाला, आणि विहार बांधायचं ठरलं तेव्हा तेच लुगड्यांचं छत त्याने सिमेंटमध्ये काढून कमिटीपुढे ठेवलं. समोरासमोरचे दोन कोपरे वर उचललेले, दोन जमिनीकडे झुकलेले, आणि मध्ये ताणलेल्या कापडासारखा पातळ स्लॅब. आत एकही खांब नाही. कमिटीला घुमट हवा होता. यशवंतने सगळ्यांचं इतकं डोकं खाल्लं की शेवटी कंटाळून त्यांनी हो म्हटलं.

स्लॅबखालचं सेंटरिंग काढायच्या दिवशी तो स्वतः छताखाली जाऊन उभा राहिला. एकेक टेकू निघत गेला, छत जागचं हललं नाही. अगदी मधली बल्ली तेवढी उरली, तेव्हा कमिटीतले सर्वांत वडीलधारे सुदामकाकाजी पुढे झाले आणि त्यांनी तिला हात घातला... काढायला नव्हे, धरून ठेवायला.

"हे राहू दे गा," ते म्हणाले. "मांडव केला तं मधात बल्ली पायजेच. तुह्यावर भरोसा आहे, पन खाली लेकरं बसतेत."

यशवंत हसला. चार दिवसांनी काढतील, असं मला म्हणाला. त्या चार दिवसांची वर्षं झाली. फरशी बसली तीही बल्लीच्या भोवतीने. दर बुद्धजयंतीला तिला निळा रंग लागू लागला. पोराच्या शिक्षणापासून लेकीच्या सोयरिकीपर्यंत वस्ती सगळं यशवंतला विचारायची, पण बल्लीचा विषय काढला की सगळे पायांकडे बघायचे. एकदा वैतागून तो शिडीवर चढला आणि करवतीने बल्लीचं डोकं बोटभर कापून आला. बूड फरशीत रुतलेलं, म्हणून ती पडली नाही, एवढंच. पुढच्या वेळी गेलो तर छत आणि बल्लीमधल्या फटीत पाचर ठोकलेली! लाकूड वाळून आखडलं, अशी काकाजींची समजूत झाली होती. यशवंतने पाचर काढली, रंगकामाच्या वेळी ती पुन्हा बसली. असं किती वर्षं चाललं कोण जाणे.

शेवटी शेवटी त्याने नाद सोडला. आमची अखेरची भेट तिथेच झाली. बल्लीला पाठ टेकून बसला होता.

"छत माहं उभं आहे," तो म्हणाला, "पन माह्या लोकायले ते या बल्लीवरच उभं दिसते. थकलो गा मी."

चल, चहा घेऊ, म्हणालो.

शोकसभा विहारातच झाली. काकाजी बोलायला उभे राहिले. काठी टेकत बल्लीपाशी गेले, दोघा-तिघांना हाताशी घेतलं. पाचर निघाली, बल्ली उपटली गेली, भिंतीशी आडवी झाली. मग काकाजी नेमके त्याच जागी खाली बसले आणि बराच वेळ वर बघत राहिले.

"या, इथं बसा सारे," ते म्हणाले. "काही होत नाही."

लोक रडत होते. मला मात्र राग आला, खरं सांगतो. हे बघायला तो हवा होता, आणि त्याला हवं होतं तेव्हा कोणी केलं नाही. माझाही त्यात वाटा असेल, पण आता हिशेब करायचा कंटाळा येतो.

परवा पुन्हा गेलो होतो. फरशीतलं भोक सिमेंटने बुजवलंय, वाटीएवढा डाग राहिलाय. झाडणाऱ्या बाया अजून त्याला वळसा घालून झाडतात, पोरंही धावताना तिथे वळतात. बल्ली नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी दारातून सरळ निघालो तो मध्यावर आल्यावर जरा बाजूने गेलो... यशवंतच्या पाठीला धक्का लागू नये म्हणून.