रियाध ते चोपडा

धुळ्याहून चोपड्याला निघालेल्या एसटीत शेजारचे चाचा टोपी काढायचे, झटकायचे, पुन्हा घालायचे. बहीण सकाळी गेली, आजच संध्याकाळच्या आधी, असरच्या नमाजानंतर दफन आहे, हे त्यांनीच सांगितलं. तिचा एकुलता मुलगा रियाधला गवंडी होता.

“भाऊ, तठून मुंबईले इमानले कितला येळ लागस?”

“चार तास,” मी मोबाइलमध्ये पाहून म्हणालो.

“आनि मुंबईथून चोपडाले?”

“दहा तरी लागतील.”

ते खिडकीबाहेर बोट दाखवून हसले. “म्हंजे परदेश आठेच शे!”

माझं डोकं तापलं. जग जवळ आलं म्हणून व्यासपीठावर ओरडणाऱ्यांना या बाकावर आणून बसवावंसं वाटलं. “चाचा, उद्यापर्यंत थांबा ना! आईचं तोंड पाहण्याचा हक्क आहे त्याचा,” मी जवळजवळ भांडलोच.

“तिनाबी हक शे ना. मयतले ताटकळत ठेवतस नही.”

तेवढ्यात भाच्याचा फोन आला. तिकीट मिळालं होतं. त्याचं रडणं मलाही ऐकू येत होतं.

“तू आराम से आ, बेटा,” चाचा म्हणाले. “तेरे हिस्से की मिट्टी मैं डाल दूंगा.”

फोन ठेवून ते उठले आणि दांडा धरून कंडक्टरपाशी गेले.

“भाऊ, आपन तरी येळवर पोचसूत ना?”