राहेलबाईंचा पदर

“चेहरा चुकीच्या बाजूला बघतोय. फोटो डावा-उजवा उलटा कर,” ओर्ना म्हणाली. ती आमच्या तेल अविवच्या साप्ताहिकाची संपादक, मी आर्ट डायरेक्टर. मुंबईहून आलेल्या वयस्क बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळींवरचा अंक होता. कव्हरवर अश्केलोन शहरातल्या राहेलबाई. फोटो काढला तेव्हा ठणठणीत होत्या. अंक छपाईला जायच्या आठवड्यात वारल्या.

हिब्रू उजवीकडून वाचतात. अंकाची शिवण उजवीकडे, पानं डावीकडून उघडतात. म्हणून कव्हरवरचा माणूस डावीकडे बघणारा बरा. वाचकाचा हात आपसूक तिकडे जातो. राहेलबाई बघत होत्या शिवणीकडे. अंकाकडे पाठ फिरवल्यासारख्या.

“उलटा केला तर पदर उजव्या खांद्यावर जाईल. नाकातली चमकीही उजवीकडे,” मी म्हटलं.

“इथे कोणाला कळणार?”

“घरच्यांना दाखवल्याशिवाय मी पुढे पाठवणार नाही.” मला रागच आला होता.

अश्केलोनला, त्यांच्या घरी, ज्यू रिवाजाप्रमाणे सात दिवसांचा शोक चालू होता. राहेलबाईंचे यजमान, शालोमकाका, शोकात बसतात तशा बुटक्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी चष्मा लावून उलट्या फोटोचं प्रूफ पाहिलं.

“ही राहेल नाय रे. तिची कोण बहीण असंल. जलमभर हिच्यासमोर बसून जेवलो मी, मला फसवतोस?” त्यांनी प्रूफ माझ्याकडे सरकवलं. “हे छापलंस तर लोक हिलाच लक्षात ठेवतील. माझी बायको मग राहिली कुठं?”

मी प्रूफ पिशवीत घालून परत आणलं.

ऑफिसात येऊन मी फोटो होता तसा ठेवला. फोटोत बाईंच्या छातीवर येणारं अंकाचं जाडजूड शीर्षक काढलं. जाड अक्षरं ओरडतात, बातमीला ठीक. बारीक अक्षरांत, उजवीकडे, बाईंच्या नजरेसमोर शीर्षक लावलं. हिब्रू ओळ उजवीकडूनच सुरू होते. वाचक आधी त्यांचे डोळे बघणार, मग पहिला शब्द, आणि ओळीबरोबर डावीकडे येणार.

“स्टॉलवर उठून दिसणार नाही,” ओर्ना म्हणाली. पण सही केली.

अंक कमीच खपला. तरी तेव्हापासून माझा नियम आहे: अक्षरं हलवावीत, चेहरा हलवू नये. अक्षरांची घरी कोणी वाट बघत नाही.

अंक द्यायला गेलो तेव्हा काका बराच वेळ पदरावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “ती उलटी कॉपी फेकलीस काय?”

“नाही. ऑफिसात आहे.”

“आणून दे. आरशात केस विंचरताना ती सोताला तशीच बघायची. मी कधी बघितली नव्हती.”

दुसऱ्या दिवशी मी ते प्रूफ नेऊन दिलं.