काट्यांतलं कुरण

आमच्या आत्याचं डोकं फिरलंय, ती उघड्या डोंगरावर काटे पेरते, अशी गावभर बोलवा होती. साफ खोटं! ती कुरणाची राखणदार. काटेरी झुडपं तिथली मूळचीच. आत्या ती कुणाला तोडू देत नव्हती आणि त्यांच्या बुडाशी डोंगरातल्याच गवताचं बी टाकत होती.

"झुडपं काढली की गवताला जागा होईल ना!" मी काकाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तुझ्या काकाला सांग, सावली गेली की ओलही गेली. आणि काट्यांत गुरं तोंड घालत नाहीत, बये."

यंदा गवत दिसलं नाही, तर कुरणाचा तो उतार दगडखाणीला जाणार होता. मी पैज लावली: गवत आलं तर महिनाभर कुणाची नक्कल करणार नाही.

पाऊस बेताचाच झाला. तरी खाणीची परवानगी देणारे सरकारी साहेब पाहणीला आले तेव्हा झुडपाझुडपातून गुडघाभर गवत डुलत होतं, मोकळ्या जमिनीवरही पसरलं होतं. साहेबांनी खाणीला तिथल्या तिथे नकार दिला आणि लगेच अशी सुरेल, तीन मजली शिंक दिली की माझी जीभ वळवळली.

"महिना आजपासून हं!" आत्या म्हणाली.