भिंतीची भोकं कोणी बुजवली

ही हकीकत मी अकरा वर्षं टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, मुलाला नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्याबद्दल चांगलं बोलणाऱ्यांना तर नाहीच. त्यांचा हिरमोड करणं बरं दिसलं नसतं. आता गुडघे गेले आहेत, ऐकूही कमी येतं. कुणी रागावलंच तर ते मला धड कळणारही नाही. सांगायला याहून सोयीची वेळ मिळायची नाही.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका कॉलनीमागे टेकडी कापून रस्ता काढला होता. कापलेली माती घसरू नये म्हणून तिला आधार द्यायचा होता आणि ते काम आमच्या खात्यात माझ्याकडे होतं. मी काँक्रीटचा माणूस. भिंतीवर थाप मारली की आपल्याच हाताला लागलं पाहिजे, एवढीच माझी अभियांत्रिकी.

आमच्याकडे कंत्राटी नेमणुकीवर एक इंजिनिअर बाई होत्या, पस्तिशीच्या. त्यांनी वेगळाच आराखडा आणला. मुरमाचा थर घालायचा, रोलरने दाबायचा, त्यावर प्लास्टिकची मजबूत जाळी अंथरायची, परत मुरूम. असे थरावर थर चढवत उभट उतार रचायचा. दर्शनी बाजूला काथ्याची चटई लावून तिच्यात वाळा, म्हणजे खोल मुळांचं गवत, लावायचा. जाळी मातीला धरून ठेवते, मुळं वरची माती सांभाळतात, आणि पाणी आत न तुंबता पाझरून जातं. खर्चही भिंतीपेक्षा कमी.

"बाई, भिंत बांधायचीय की म्हशी पाळायच्यात?" मी भर बैठकीत विचारलं.

सगळे हसले. त्याही हसल्या. "म्हशी जून वाळ्याला तोंड लावत नाहीत, सर. म्हणून तर तो निवडला."

त्याचा वचपा म्हणून मी त्यांचं नाव 'गवतवाल्या बाई' ठेवलं. पंधरा दिवसांत शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सगळे तेच म्हणू लागले. नोकरीत माझ्या हातून झालेलं टिकाऊ काम म्हणाल तर तेवढंच.

वरिष्ठांनी तोड काढली. बहुतेक लांबीला माझी भिंत, शेवटच्या तुकड्यात बाईंचा उतार.

भिंत झाली. कॉलनीवाल्यांनी हौसेने तिच्यावर भलामोठा गणपती रंगवून घेतला. अशा भिंतीत मागचं पाणी बाहेर पडायला पाइपाची भोकं ठेवतात. त्यातलं एक नेमकं देवाच्या डाव्या डोळ्याखाली आलं. पावसाळा लागला आणि त्यातून गढूळ ओघळ सुरू झाला. कॉलनीचे अध्यक्ष, एक निवृत्त मास्तर, माझ्याकडे आले.

"साहेब, बाप्पा रडतायत. बायका म्हणतात, कॉलनीवर काहीतरी येणार."

तेव्हा मी हसून सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं. उलट मला मोठेपणा वाटला. देवाचे डोळे पुसायची संधी उपअभियंत्याला रोज मिळत नाही. मुकादमाला फोनवर सांगितलं, "ती भोकं बुजवून टाक." एक भोक म्हणायला हवं होतं. तेही चूकच होतं, पण भिंत कदाचित उभी राहिली असती.

दोन दिवसांनी मुकादम भेटला. "समदी बुजवली, सायेब. येक बी ठेवलं नाय."

"सगळी?"

"तुमीच म्हनलात ना, ती भोकं. आता ती म्हंजी कोनती, मी काय इचारत बसू? लय होती, लय बुजवली. सिमिट बी चांगलं भरलंय."

ती पुन्हा उघडायला सांगणं म्हणजे चूक कबूल करणं. मी 'बघू' म्हणालो. आमच्या खात्यात 'बघू' म्हणजे विषय संपला.

पुढे चार दिवस झड लागली आणि एका दुपारी भिंत मधोमध फुगून आडवी झाली. कुणाला लागलं नाही, कारण गणपतीसमोर गाड्या लावायला आणि टवाळक्या करायला कॉलनीची बंदी होती. शेजारचा उतार मात्र जागच्या जागी होता. वर वाळा असा डोलत होता, जणू मला चिडवायलाच.

प्राथमिक अहवाल मीच लिहायचा होता. मी लिहिलं, 'लगतच्या गवताच्या उतारातून मुरलेले पाणी भिंतीमागे गेल्याने दाब वाढला असावा.' त्यातल्या 'असावा' या शब्दावर मी बराच वेळ घालवला. खोटं लिहितानाही व्याकरण सांभाळायची मला सवय. बुजवलेल्या भोकांचा उल्लेख नव्हता. राडारोड्याबरोबर तीही डंपरमधून गेली. बाईंची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. मी त्यांच्या निरोपाच्या चहालाही गेलो नाही. साइटवर काम आहे असं सांगितलं आणि गाडीत बसून राहिलो.

डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून मी त्या बाजूला फिरायला जातो. गेल्या हिवाळ्यात तिथे बाई भेटल्या. आता त्या एका महाविद्यालयात शिकवतात; विद्यार्थ्यांना उतार दाखवायला आल्या होत्या. मला ओळखून पुढे आल्या.

"सर, बरं झालं भेटलात. किती दिवस विचारायचं होतं. उतारातलं पाणी भिंतीकडे गेलं, ते नेमकं कुठून? मी अजून आकडेमोड करते. चूक सापडत नाही. मुलांना शिकवताना मनात येतं, आपण काही चुकीचं तर शिकवत नाही ना?"

मला सगळं पाठ होतं. आरशासमोर कितीदा म्हणून झालं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "वाळा छाटायला झालाय."

"हो सर. दरवर्षी छाटतो आम्ही," त्या म्हणाल्या आणि मुलांकडे गेल्या.

नंतर मी त्यांचा नंबर मिळवला. दोनदा लावला. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला, तर 'राँग नंबर' असं म्हणून मीच ठेवून दिला. सांगायचं होतं ते एवढंच.

बाई, तुमच्या आकडेमोडीत चूक सापडणार नाही, कारण ती तिथे नाहीच. भिंतीची भोकं मी बुजवायला लावली होती. तुमच्या उताराचा काही दोष नव्हता, हे अहवाल लिहिताना मला माहीत होतं. तुम्ही मुलांना निर्धास्तपणे शिकवा. मला माफ करा.