बसऱ्याला गेलेल्यांच्या दगडाला शेंदूर

आज मंगळवार. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मेहकर तालुक्यातल्या माझ्या गावी चावडीसमोर उभी राहिले आणि लढाईला गेलेल्यांची नावं कोरलेल्या दगडावर आजोबांचं नाव सापडेना.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हा, पहिल्या महायुद्धात, गावातले काही जण फौजेची खेचरं हाकायला इराकात, बसऱ्याला गेले. आजोबा परत आले नाहीत. त्यांची ना समाधी, ना फोटो. दगडावरची तिसरी ओळ तेवढी उरली. कॉन्व्हेंटमध्ये आमच्याकडून फ्रान्सचे खंदक पाठ करून घेतले, बसऱ्याचं नावही काढलं नाही.

आता त्या दगडावर बोटभर शेंदूर आहे.

सरपंच म्हणाले, "आजी, लोकायले पावते थो देव. तुमाले काऊन राग येऊन राह्यला?"

"देव असू दे. त्याचं नाव वाचता येऊ दे."

"शेंदूर कोनी खरवडते काय? गाव मले ठेवन काय?"

नारळ ठेवणाऱ्या बाईला विचारलं, हा कोणता देव? म्हणाली, "काय माईत, माय. एकटाच बसला हाये, म्हून आनला नारय."

तिच्यावर रागावता आलं नाही. तिसऱ्या ओळीच्या जागी, शेंदरावरच बोट ठेवलं. ती जागा ओळखणारी मी एकटीच उरले आहे.

तुमच्या गावी असा दगड असेल तर आजच फोटो काढा.

आणि सरपंच, शेंदूर राहू द्या. शेजारी दुसरा दगड लावून नावं कोरा. ती मला पाठ आहेत, अजून. कोरणार की नाही, येत्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा.