रुस्मिनीबाईंनी आदराने बोलायला सुरुवात केली तेव्हा

जावा बेटावरच्या सोलो शहरात, बाजारामागे रुस्मिनीबाई वाचायला भाड्याने पुस्तकं देतात. शेजारीच माझी टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळायची गाडी. बाईंची जीभ अशी, की त्यांनी नाक मुरडलेलं पुस्तक अख्ख्या गल्लीत कुणी हातात धरत नाही.

त्यांचा भाचा जातमिको शाळेत मास्तर आहे. आईमागे तो बाईंकडेच वाढला. त्याने ज्वालामुखीखालच्या राज्याची कादंबरी लिहिली. अजून चार खंड लिहायचे, म्हणून राजीनाम्याचं पत्र खिशात घालून हिंडत होता. "बुलिकचं मत ऐकतो आणि सोमवारी देऊन टाकतो," असं मला सांगून गेला. बुलिक म्हणजे मावशी. घरात बायकोचे दिवस भरत आलेले, आणि हा नोकरी सोडणार!

बाई सात दिवस पुस्तक घेऊन बसल्या. पहिल्या दिवशी, "काय लिहितो गं माझा पोरगा!" म्हणत धुक्याचं वर्णन मला मोठ्याने वाचून दाखवलं. खरंच सुंदर होतं. चौथ्या दिवसापासून वाचून दाखवणं बंद झालं.

शनिवारी सकाळी जातमिको आला. "वाचलंस, बुलिक?"

बाईंनी पदर सारखा केला. "वाचलं. आपलं लेखन फार सुंदर आहे. आपण बसावं."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. आम्हा जावानीज लोकांची घरात बोलायची भाषा वेगळी आणि परक्याला मान देताना बोलायची वेगळी. ज्याला बाईंनी शेंबूड पुसून वाढवला, त्याला आज 'आपण'!

जातमिकोचा चेहरा पांढराफटक पडला. "मला आपण म्हणू नकोस. शिव्या घाल, पण अरेतुरे कर."

मला वाटलं, आता हा उठून राजीनामा द्यायला थेट मुख्याध्यापकांकडे जाणार. तो उठलाही.

"अरे गाढवा, बस खाली!" बाई कडाडल्या. "चारशे पानं झाली, तुझा राजपुत्र अजून घोड्यावर बसला नाही! धुकं, धुकं, पुन्हा धुकं. इतकं सुंदर, की टाकवत नाही. आणि होत काहीच नाही. फसवलंस रे मला."

"दुसऱ्या खंडात गोष्ट सुरू होते."

"मग पहिल्यात मी काय करत होते?"

तो खाली मान घालून बसला. "म्हणजे राजीनामा..."

"खबरदार! आधी त्यातली तीनशे पानं काढ. मग बोलू."

"ती तीनशे पानं लिहायला पाच वर्षं लागली मला, बुलिक."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "वाचायलाही तेवढीच लागली."

जातमिको फिस्सकन हसला आणि हसता हसता रडायला लागला. बाईंनी त्याला जवळ घेतलं नाही, पण आल्याचा चहा पुढे सरकवला. सोमवारी तो नेहमीच्या वेळेला शाळेत गेला.