पहिल्या रांगेतल्या टाळ्या

आमच्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला सगळे टाचणी म्हणत. दातांत कायम चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमी आणि हुंकार जास्त. मी राजा असो की भिकारी, माझ्या पाठीवरचा शेवटचा हात तिचाच. तिसऱ्या घंटेला मी विंगेतच घुटमळायचो. तेव्हा ती मागून अंगरखा ओढून पुटपुटायची, "दादा, शिवण पक्की आहे. जा आता."

कंपनी बंद पडली आणि ती भावाकडे राहायला गेली. बाहेरच्या खोलीत, सोफा आणि दार यांच्या मधल्या फटीत, तिचं शिलाई मशीन. वहिनी वाईट नव्हती. पण पाहुणे आले की मशीनवर चादर पडायची आणि टाचणीचं तोंड उतरायचं. त्याच मशीनशेजारी बसून, फोनवर एका बोटाने टाइप करत, तिने ब्लॉग सुरू केला. झिजलेली कॉलर उलटवून कशी लावायची, काखेतली उसवण बाहेरून न दिसता कशी भरायची, मखमलीवर सांडलेलं मेण कसं काढायचं. लोक वाचू लागले. मग पानाच्या कडेला जाहिराती आल्या. वाचणाऱ्याने जाहिरातीवर बोट ठेवलं की हिच्या खात्यात थोडं जमायचं; पण ठरावीक रक्कम भरल्याशिवाय जाहिरातवाले हातात काही देत नसत.

अकरा महिने झाले, रक्कम भरत आली होती, तेवढ्यात लॉन्ड्रीच्या मागची खोली रिकामी झाली. पहिल्या भाड्यासाठी एक तारखेपर्यंत थांबतो, लॉन्ड्रीवाला तिला म्हणाला. झालं, टाचणीच्या जिवाची घालमेल सुरू. माझ्याकडे यायची, पण बसायची नाही. चहासुद्धा उभ्यानेच. फोन काढायची, आकडा बघायची, ठेवायची, परत काढायची.

"अगं, टक लावून बघितलं म्हणून दूध लवकर तापत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला काय दादा. तुमचं स्वतःचं दार आहे. आतून कडी लावता येते."

ते मला लागलं. ती गेल्या गेल्या मी जुन्या मंडळींना फोन फिरवले. हार्मोनियमवाला, पडदेवाला, दोन्ही खलनायक, आमची नायिका, जिला आता काठी लागते. आमच्याकडे रीतच होती: नव्या नाटकाच्या पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत चार आपली माणसं बसवायची. त्यांनी टाळी दिली की मागचं थिएटर ती उचलून धरतं. "रोज सकाळी टाचणीच्या जाहिरातींवर दहा-दहा वेळा बोट," मी बजावलं, "आणि तिला पत्ता लागू द्यायचा नाही."

नऊ दिवसांनी ती आली आणि उंबऱ्यातच थांबली. "खातं बंद केलं त्यांनी. जमलेलं सगळं रद्द. खोटे क्लिक झालेत म्हणे. दादा, मी कुणाला फसवलं हो?"

रंगमंचावर मी शेकडो वेळा गुन्हा कबूल केलाय. लिहून दिलेलं असलं की सोपं असतं. त्या दिवशी मी अडखळत, कुणाचंही नाव न वगळता सांगितलं. पडदेवाल्याने हौसेने रोज पन्नास वेळा दाबलं, हेही.

तिने चपला काढल्या. मग म्हणाली, "पन्नास? मेल्याला जन्मात कधी पडदा वेळेवर टाकता आला नाही." आणि कितीतरी दिवसांनी माझ्या घरात खाली बसली.

"पहिलं भाडं मी भरतो," मी म्हणालो.

"नको. त्या परत तुमच्याच टाळ्या झाल्या. ओळखदेख नसलेलं माणूस हात उचलतं का, ते बघायचंय मला."

तिने जाहिरातवाल्यांना घडलं ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. उत्तर दोन ओळींचं आलं: नाही. मग ती लॉन्ड्रीवाल्याकडे गेली. तुटलेल्या बटणांवरून गिऱ्हाइकं रोज त्याच्याशी भांडत. महिनाभर बटणं आणि उसवणी मी बघते, भाडं त्यात वळतं करा, म्हणाली. तो लगेच तयार झाला. मशीन हलवताना एक बाजू वहिनीने उचलली. ब्लॉगवर आता जाहिराती नाहीत. शिवणीच्या आकृत्या काढून टाचणीने एक पुस्तिका केली आणि तीच तिथे विकायला ठेवली.

परवा मी गेलो. तिने कडी काढली, मला आत घेतलं, कडी परत लावली. मशीनपासून दारापर्यंत तिच्या येरझाऱ्या चालूच होत्या.

"तीन प्रती गेल्या. खरं सांगा, त्यात तुम्ही किती?"

"एकही नाही."

"आणि पडदेवाला?"

"त्याचा फोन हार्मोनियमवाल्याने काढून घेतलाय."

इतक्यात तिचा फोन वाजला. चौथी प्रत. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, तिला नीट दिसतील असे.